पितळी पातेले आणि बाळाचे यकृत

विषाणूंमुळे होणारी 'अ' प्रकारची कावीळ लहान मुलांत बहुधा काही आठवड्यांत ओसरते आणि यकृत पूर्ववत होते. पण पुण्यातील डॉक्टरांना पूर्वी निराळीच बाळे दिसत. पोट फुगलेले, यकृत टणक, मूल सतत किरकिरे. घरचे म्हणत, 'लिव्हर झाली.' बहुतेक बाळे दगावत.

केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या बाळांच्या दुधाची चौकशी केली. अनेकांना लवकरच वरचे दूध सुरू झालेले, आणि ते पितळी भांड्यात तापवलेले वा ठेवलेले! कल्हई नसली की पितळेतील तांबे दुधात उतरते, केसिनला चिकटते आणि पुढे यकृतात साठते. १९८३ साली त्यांनी हा संशय 'लॅन्सेट'मध्ये मांडला. घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या पातेल्यावर कोण शंका घेणार?

तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन कावीळ दिसण्यापूर्वी सुरू केले, तर काही बाळे वाचली. त्यांच्यापैकी काहींचे यकृत तपासणीत जवळजवळ निरोगी दिसले. कावीळ व जलोदर झाल्यावर मात्र औषधाचा फारसा उपयोग होत नसे. स्टीलची भांडी घरोघरी आली, तसा हा आजार दुर्मिळ झाला.