लॉबस्टरला टेन्शन आलंय, हे कळणार कसं?

व्हायव्हाच्या दिवशी एक्स्टर्नलच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराचं टेन्शन चेहऱ्यावर दिसतं. लॉबस्टरचा चेहरा म्हणजे नुसतं कवच, तिथे काय दिसणार? तरीही अमेरिकेतल्या मेन राज्यात त्याचा ताण मोजायचं काम गांभीर्याने चालतं, कारण तिथला लॉबस्टर जिवंत विकला जातो. बोटीपासून गिऱ्हाइकापर्यंतच्या प्रवासात तो मेला, की पैसे बुडाले. (हा मोठ्या नांग्यांचा, आपल्या कोकणातल्या शेवंडीला अशा नांग्या नसतात.)

पाण्याबाहेर काढलं की त्याचे कल्ले नीट काम करत नाहीत. ऑक्सिजन कमी पडतो आणि रक्तात लॅक्टेट साठतं. ग्राउंडला जोरात राउंड मारल्यावर आपलंही तेच होतं. शिवाय डोळ्यांच्या देठांतून एक हार्मोन सुटतं आणि रक्तातली साखर वाढते. म्हणून पायाच्या बुडाशी सुई घालून थोडं रक्त काढायचं आणि हे दोन्ही आकडे बघायचे. हे रक्त लाल नसतं बरं का! त्यात ऑक्सिजन वाहायला लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते निळसर दिसतं. खेळाडू आणि मधुमेही वापरतात तेच हातातले मीटर इथेही चालवतात. पण ते माणसाच्या रक्तावर कॅलिब्रेट केलेले, त्यामुळे आकडे लॅबमधल्या पद्धतीशी ताडून घ्यावे लागतात.

खरी गोम पुढेच आहे. रक्त काढायला प्राणी उचलला, की तिथेच ताण सुरू. व्होल्टमीटर जोडला की सर्किटचं व्होल्टेजच बदलतं, तो लोडिंग इफेक्ट आपण घोकलाय ना? हा त्याचाच जिवंत नमुना. त्यामुळे सॅम्पल झटपट घ्यायचं. तरीही एका सुईतून कळतं ते एकाच क्षणाचं.

म्हणून मेनमधल्या वेल्स इथल्या संशोधकांनी पाठीवर बसवायचं यंत्र वापरलं. लॉबस्टरचं हृदय पाठीच्या कवचाखालीच असतं. वरून इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके मोजायचे. सोबत हालचालीसाठी ॲक्सेलरोमीटर. पण ठोके वाढले म्हणजे घाबरला, इतकं हे सरळ नाही. नुसतं चाललं तरी ठोके वाढतात, आणि अचानक दचकला तर त्याचं हृदय क्षणभर थांबतंसुद्धा! तेव्हा दोन्ही सिग्नल शेजारी ठेवूनच वाचायचे. आणि यंत्र बसवायलाही त्याला हातात धरावं लागतंच. मग पाण्यात सोडायचं, शांत होऊ द्यायचं आणि त्यानंतरचं रीडिंग बेसलाइन धरायचं.