हरवलेले शून्य

नाशिक जिल्ह्याची ख्याती ज्या दोन पिकांवर उभी आहे, त्यांपैकी कांद्याचा आंतरराष्ट्रीय वस्तुवर्गीकरणातील क्रमांक ०७०३, तर द्राक्षांचा ०८०६. दोहोंच्या आरंभी शून्य आहे. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली, की हा क्रमांक संख्या समजला जाऊन ते शून्य गळते. तशीच जतन केलेली फाईल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, तर ७०३ म्हणजे कांदा, हे तेथे कसे कळावे? १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर तिचे तीन रकाने होतात. आपली ३ एप्रिल, म्हणजे ३/४, अमेरिकी रीतीने ४ मार्च ठरते. अशा फायलींचे संकेत २००५ साली लिखित स्वरूपात आले खरे. परंतु रकान्याचा अर्थ फाईल सांगत नाही, तो माणसानेच सांगावयाचा असतो. म्हणून क्रमांक मजकूर म्हणूनच घ्यावेत, नोंदींची संख्या व बेरीज मूळ वहीशी ताडून पाहावी. हे काम कारकुनाच्या फावल्या वेळावर सोपविणे मालकांनी थांबवावे. विवरणपत्र चुकले, तर जाब यंत्राला नव्हे, सही करणाऱ्यालाच विचारला जातो.