चिखलदऱ्याची सायकलवाट

घरांतील मुलीसुनांनी नागपूरच्या रस्त्यांवर सायकल चालवावी, असें म्हणावयास हल्लीं जीभ रेटत नाहीं. मोटारींची गर्दीच तशी आहे. पण म्हणून सायकल अडगळींत टाकणें आम्हांस पसंत नाहीं. अमरावती-परतवाड्यावरून चिखलदरा गांठावा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत सुमारें ३,६०० फूट उंचीवर वसलेलें हें गांव. नागपुरांत वैशाखवणवा पेटला असतां येथली सकाळ गार असते.

घाट चढण्याचा हट्ट नवशिक्यांनी धरूं नये. सायकली मोटारीवर बांधून न्याव्या. वर पोंचल्यावर मात्र गाविलगडाची वाट धरावी. हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीच्या फौजांनी घेतला. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत लोटलें असें सांगतात, तीही येथेंच. उतारावर एकच ब्रेक सतत आवळून धरूं नये. चाकाची कड तापते. दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबावे.

पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं येथेंही मोटारींची रीघ लागते, तेव्हां मधले वार बरे. शिवाय भोंवतीं मेळघाटचें व्याघ्र-अरण्य आहे. अस्वल सायकलीच्या घंटेस जुमानीत नाहीं. दिवेलागणीपूर्वीं सर्वांनी मुक्कामीं परतावें, आणि मुलींना एकट्यादुकट्या पुढें जाऊं देऊं नये, मुलांनाही नाहीं.