विंचू ‘उतरणे’ : अनुभव, श्रद्धा आणि वैद्यक

विंचू ‘उतरविणे’ हा शब्दप्रयोग मराठी ग्रामजीवनात पूर्णपणे रुळलेला आहे. वेदना शमली म्हणजे विषही उतरले, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे. कारण मंत्राने बरे होण्यास चमत्कार मानणारे आणि भ्रम म्हणणारे यांच्यातील वादाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

श्रद्धावानाचा अनुभव खोटा नसतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. काळ्या विंचवाचा दंश असह्य वेदना देतो. परंतु तो सहसा प्राणघातक नसतो व कळा काही तासांत आपोआप ओसरतात. त्या अवधीत कोणी मंत्र घातला किंवा पाला चोळला, तर श्रेय त्या कृतीस मिळते. शिवाय जाणत्या माणसाच्या धीराच्या शब्दांनी भीती कमी होते आणि भीतीबरोबर वेदनेची तीव्रताही. हा लाभ तुच्छ लेखण्याचे कारण नाही. (एकनाथांनी भारुडात कामक्रोधाला विंचवाचे रूप दिले, ते या दंशाची दाहकता घरोघरी ठाऊक होती म्हणूनच.)

कोकणातील तांबड्या विंचवाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या विषाने स्वायत्त मज्जासंस्था अतिउद्दीपित होते. उलट्या, दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही प्रारंभीची लक्षणे होत. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना हा धोका अधिक. येथे दंशाच्या जागेची वेदना हे संकटाचे माप ठरत नाही. कळ थांबलेली असतानाही विषाचे कार्य चालूच असू शकते. मंत्राच्या यशाची कसोटी आणि रुग्णाच्या जीविताची कसोटी येथे परस्परांपासून दुरावतात.

महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचे वर्षानुवर्षे बारकाईने निरीक्षण केले. उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी १९८०च्या दशकात या दंशावर वापरले. तीव्र विषबाधेतील मृत्यूचे सुमारे ३० टक्क्यांचे प्रमाण त्यानंतर १ टक्क्याच्या आसपास आले. हे औषध जितके लवकर मिळेल तितका गुण अधिक. म्हणजे मांत्रिकाकडे गेलेले दोन तास औषधाच्या हिशेबातून वजा होतात.

विवेकवादी टीकाकार मंत्राच्या निष्फळतेवर भर देतात. आमच्या मते, मंत्रापेक्षा विलंब अधिक घातक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही तिकडेच दिसतो. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे हा त्याच्या अनुसूचीनुसार अपराध आहे. निव्वळ श्रद्धा बाळगणे हा अपराध नव्हे. मात्र कोणीही न रोखता कुटुंबीय स्वतःच ‘आधी उतरवून पाहू’ म्हणतात, तेव्हा या तरतुदीचा हात तेथवर पोहोचत नाही.