पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रामनेच ते पाठवावे काय?

हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्याने भावाचा ई-मेल लिहिला आणि तो संगणकातच पडून राहिला, तर सौदा दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही.

ई-मेल पाठविण्याची 'एसएमटीपी' पद्धत १९८२ साली ठरली. युनिक्स संगणकांवर लिहिणारा प्रोग्राम वेगळा आणि टपाल पुढे नेणारा 'सेंडमेल' वेगळा, अशी वाटणी असे. 'मट' या प्रोग्राममध्ये थेट पाठविण्याची सोय २००७ साली आली. वाटणीचे समर्थक सांगतात, पत्र पेटीत टाकावे, पुढचे पोस्ट पाहील. मुद्दा खोटा नाही. लाईन गेली तर सेंडमेल पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण त्याची जुळणी करायला जाणकार माणूस लागतो. तो आर्वी-पुलगावच्या दुकानात कुठून आणायचा? छोट्या व्यापाऱ्यासाठी सोय प्रोग्राममध्येच हवी, असे आम्हाला वाटते.

मात्र अशा प्रोग्रामचे एक ध्यानात ठेवावे. लाईन नसताना पत्र 'आउटबॉक्स'मध्ये थांबते, आणि संगणक बंद केला की तिथेच राहते. दुकान वाढविण्यापूर्वी तो कप्पा रिकामा झाला का, ते व्यापारी बांधवांनी पाहावे. 'सेंट'मध्ये गेलेले पत्रही फक्त पहिल्या टपालघरी पोचलेले असते. रक्कम मोठी असेल तर फोनही करावा.