मूळव्याधच आहे, हे कोणी ठरवलं?

संडासवाटे रक्त गेलं की आपल्याकडे त्याला एकच नाव, मूळव्याध. खारेपाटणचा एसटी स्टँड असो की कणकवलीतला कॉलेज कट्टा, मित्राला सांगितलं (सांगितलंच तर!) की उत्तर ठरलेलं : 'तिखट बंद कर, होईल बरं.' मग मेडिकलमधून मलम आणायचं आणि विषय संपला.

बहुतेक वेळा कारण मूळव्याध किंवा फिशर असतं, हे खरंच. पण गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, अल्सरही होतो. त्यातल्या एका प्रकाराला डॉक्टर 'सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम' म्हणतात. नाव फसवं आहे. सॉलिटरी म्हणजे एकटा, पण काहींना दोन-तीन अल्सर असतात, तर काहींना एकही नाही, नुसता लाल चट्टा. आणि हा म्हातारपणाचा आजार नाही, तरुणांनाही होतो.

मुख्य कारण कुंथणं. जोर लावला की आतलं अस्तर खाली सरकतं, घासतं, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम होते. जखमेमुळे जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. माणूस परत जाऊन बसतो, परत कुंथतो. काहीजण बोटाने मळ काढायला बघतात, त्याने जखम वाढते.

आता आपलं रूटीन बघा. सकाळची एसटी गाठायची म्हणून घरी घाई, कॉलेजचं टॉयलेट नको म्हणून दिवसभर दाबून ठेवायचं. मुली तर त्यासाठी पाणीच कमी पितात. घरची पेज, कुळीथ, लाल माठ सोडून वडापाववर दिवस काढायचा. आणि रात्री मोबाइल घेऊन अर्धा तास आत!

रक्त पुन्हा पुन्हा दिसतंय, आव पडते, वजन उतरतंय, शौचाची सवय काही आठवडे बदललीय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर थांबू नका. खूप रक्त, गुठळ्या, चक्कर, डांबरासारखी काळी शौच, तापासह पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (बीटाने शौच लाल आणि लोहाच्या गोळ्यांनी काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा.)

सुरुवात खारेपाटणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. पुढे कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, मग ओरोस. डॉक्टर आधी बोटाने तपासतात, दोन मिनिटांचं काम. गरज वाटली तर दुर्बिणीने बघून छोटा तुकडा तपासायला पाठवतात, कारण हा अल्सर कधी कधी कॅन्सरसारखा दिसतो. उपचारात पहिलं काम कुंथणं बंद करणं. त्यासोबत चोथा असलेलं जेवण, भरपूर पाणी, बायोफीडबॅक नावाचा स्नायूंचा सराव. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

लाज वाटते ती पहिल्या वाक्याची. ते पाठच करून जा : 'डॉक्टर, संडासवाटे रक्त जातंय, इतके दिवस झाले.' पुढचे प्रश्न ते विचारतात. मुलींना महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स मागता येते, बिनधास्त मागा.