सत्तर अधिक सत्तर बरोबर त्र्याहत्तर

बदलीच्या आदेशात ‘आवडी’ हे नाव वाचताना मराठी माणसाला ते परके वाटत नाही. चेन्नईच्या पश्चिमेस वसलेल्या या गावाची ख्याती मात्र वेगळ्याच कारणांसाठी आहे. जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील समाजवादी समाजरचनेचा ठराव वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता तरी पाठ केलेला असतो. आणि विजयंता व अर्जुन हे रणगाडे येथील अवजड वाहन कारखान्यातून बाहेर पडले, हे वृत्तपत्र वाचणाऱ्यांस ठाऊक असते. अशा गावी बसून मोटारीतील शांततेविषयी लिहावे, हा योग गमतीचा खरा. परंतु त्यामागे एक घरगुती कारण आहे.

परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडून मी दोन दारांची, जमिनीलगत बसणारी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. हौसेला मोल नसते म्हणतात. बँकेत नोकरी करणाऱ्याने ते म्हणू नये, एवढेच. त्याच वर्षी मिरजेहून माझे वडील काही महिन्यांसाठी राहावयास आले. ते श्रवणयंत्र वापरतात. गाडीने ताशी साठ किलोमीटरचा वेग गाठला की ते मुकाट्याने यंत्र काढून खिशात ठेवीत आणि काचेबाहेर पाहत बसत. घरी मला सवड नसे, गाडीत त्यांना ऐकू येत नसे. मग बोलणे व्हावे केव्हा?

चाकांचा घुमणारा आवाज प्रामुख्याने खालच्या पट्टीतील असतो आणि असा आवाज वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनींना झाकून टाकतो. ‘स’, ‘त’, ‘क’, ‘फ’ यांसारखी व्यंजने नेमकी त्या क्षीण ध्वनींत मोडतात. ती बुडाली की कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवीत असल्याने त्या कानांची स्थिती अधिकच बिकट होते.

हा गोंगाट येतो कोठून? एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरतो. टायरवरील नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत दाबली गेलेली हवा सुटते, आणि टायरच्या पोकळीतील हवा बासरीतील हवेप्रमाणे स्वतःच्या सुरात, साधारणतः २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास, घुमते. हा आवाज आत शिरण्याचे मार्ग दोन. वरच्या पट्टीतील आवाज हवेतून, फटीफटींतून येतो. खालच्या पट्टीतील आवाज चाक, सस्पेन्शन आणि त्याचे रबरी बुश यांतून पत्र्यात उतरतो व मग तो पत्राच ढोलकीच्या पानासारखा थरथरू लागतो. स्पोर्ट्स कारमध्ये टायर रुंद व बुटके, बुश कडक आणि आसन जवळजवळ मागच्या चाकांना टेकलेले. त्यात वजन वाचविण्यासाठी आतील अस्तरही काटकसरीने घातलेले.

गोव्यात सॅन मोटर्सने बनविलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी जुन्या वाचकांस आठवत असेल. हलकेपणा हाच अशा गाड्यांचा धर्म. ध्वनिशास्त्राचा नियम मात्र नेमका त्याच्या विरुद्ध जातो. आवाज अडविणाऱ्या पडद्याचे वजन दुप्पट केले, तर त्यातून पार होणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. म्हणजे शांतता वजनाच्या मोबदल्यातच मिळते, आणि स्पोर्ट्स कारच्या मालकास नेमके वजनच नको असते.

आता शीर्षकातील हिशेबाकडे वळू. खातेवहीत सत्तर आणि सत्तर मिळून एकशे चाळीस होतात. डेसिबलच्या वहीत ते त्र्याहत्तर होतात, कारण हे माप लॉगरिदमवर आधारलेले आहे. याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे. सारख्याच तीव्रतेच्या दोन उगमांपैकी एक पूर्णपणे बंद केला, तरी एकूण आवाज अवघा तीन डेसिबलने उतरतो. आणि कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबलची घट लागते. सर्वांत मोठा उगम तसाच ठेवून लहान उगमांवर कितीही खर्च केला, तरी वहीतील बेरीज जवळपास हलत नाही.

हे ज्ञान मला खर्चानंतर झाले. एका गॅरेजने गाडीच्या तळभागावर टोकापासून टोकापर्यंत डांबरी शीट चिकटवून दिले. चेन्नईचा मे महिना आला, शीट मऊ पडले, गाडीत डांबराचा दर्प भरला आणि घरघर होती तेथेच राहिली. थरथरणाऱ्या पत्र्याच्या मधल्या पाव भागावर डॅम्पिंग शीट लावले तरी बहुतेक लाभ पदरात पडतो. उरलेल्या तीन भागांवरील पैसा घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धान्ताला उदाहरण पुरविण्याच्या कामी येतो.

आमच्या शाखेत निवृत्तिवेतनासाठी येणाऱ्या, रणगाड्यांच्या कामात आयुष्य घालविलेल्या एका तंत्रज्ञांनी मला मार्गावर आणले. ते म्हणाले, “रणगाड्यात गोंगाट थांबविता येत नाही, म्हणून सैनिकाच्या कानांवर हेडसेट चढवितात. तुम्हाला तो पर्याय नाही. तेव्हा आधी गुन्हेगार शोधा.” शोधण्याची रीतही त्यांनीच सांगितली. काचा व पंखा बंद ठेवून, एकाच वेगाने, गुळगुळीत व खरबरीत अशा दोन्ही रस्त्यांवर गाडी चालवावी. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर दोष टायरकडे. रस्ता बदलूनही तोच सूर राहिला आणि वळणावर मात्र तो वाढला किंवा घटला, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. तेव्हा शीटचा विचार सोडून प्रथम मेकॅनिककडे जावे, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मोबाईलवरील ध्वनिमापकाचा आकडा प्रमाण मानू नये. आधी आणि नंतरची तुलना करण्यास मात्र तो पुरतो.

माझ्या गाडीत गुन्हेगार निघाले मागचे टायर. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेतातील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. माझ्या टायरवरील नक्षी शिल्लक होती, पण रबर वयाने कडक झाले होते आणि अलाइनमेंट बिघडल्यामुळे ते खाचखळग्यांनी झिजले होते. टायर बदलले, अलाइनमेंट केले, हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरली. बहुतांश फरक येथेच पडला.

नवे टायर घेताना लेबलाविषयी एक गैरसमज टाळावा. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरच्या लेबलावर डेसिबलचा आकडा असतो आणि आपल्याकडील एआयएस-१४२ या मानकातही टायरच्या आवाजाचा अंतर्भाव आहे; परंतु हे मापन गाडीबाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाचे असते, आतल्या नव्हे. पोकळीतील घुमणे कमी करण्यासाठी आतून फोमचे कडे बसविलेले टायरही मिळतात. ते महाग असतात आणि पंक्चर काढताना फोम कापावा लागतो, हे विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही.

त्यानंतर दारांचे बीडिंग. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निसटली, तर तेथून आवाजही निसटतो. (पावतीचा कागद पुरे, नोट वापरू नये.) डिकीच्या तळाशी आणि मागच्या चाकांवरील पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे शीट व त्यावर बंद छिद्रांचा फोम लावला. उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषून धरतो आणि पत्रा आतून गंजवितो. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ चे पूर पाहिलेल्या शहरात ही बाब किरकोळ नाही. तळाची व दारांखालची पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत.

कर्जाच्या गाडीत आतून अस्तर घालण्यास सहसा अडचण येत नाही. मात्र वेगळ्या मापाची चाके बसविण्याचा विचार असेल, तर नोंदणी पुस्तिका, विमा कंपनी आणि गाडी तारण असलेली बँक या तिन्हींकडे आधी विचारणा करावी. विम्याचा दावा नाकारला गेल्यावर येणाऱ्या ग्राहकास आम्ही चहापलीकडे फारसे काही देऊ शकत नाही.

माझी गाडी अजूनही निःशब्द नाही. काँक्रीटच्या रस्त्यावरील सांध्यांची थपथप येतेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून गेलेल्यांना ती परिचित असेल. पण गेल्या रविवारी आवडीहून निघालो तेव्हा वडिलांनी यंत्र कानातच ठेवले, मिरजेच्या शाळेतील त्यांच्या पहिल्या पगाराची हकीकत सुरू केली आणि पूनमल्ली येईपर्यंत ती पुरी झाली. मला केवळ एकदाच “काय म्हणालात?” असे विचारावे लागले.